जपानी सुरण

नौपाडा, ठाणे
३ डिसेंबर २०२४

प्रिय गुणाजी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनच करणार होतो, पण कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं. मोबाइलवर टाइप करायला नात बसते, आणि नातीला मजकूर सांगून मित्राला लिहिणं मला जमत नाही. ठाणे ते ठाकुर्ली एवढ्या अंतरासाठी पोस्टाचं तिकीट लावणारा मी एकटाच असेन.

हेमाला जाऊन चार महिने झाले. तू तेरा दिवस रोज येत होतास, ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझं वजन अकरा किलो उतरलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या, दोष काही सापडला नाही. भूक लागत नाही, एवढंच. सूनबाई क्षिप्रा ताट वाढते, मी दोन घास खाऊन उठतो, मग ती आत जाऊन माझ्या मुलाशी हळू आवाजात बोलते. ते बोलणं मला यंत्राशिवायही ऐकू येतं.

परवा समीक्षाने विचारलं, "आजोबा, तुम्हाला खरंच काय खावंसं वाटतं ते एकदा सांगून टाका." माझ्या तोंडून आपोआप निघालं, नागोयाचं कटलेट.

आठवतंय ना? १९८८, कंपनीने ट्रेनिंगला धाडलेले आपण दोघे. परदेशात अभक्ष्य भक्षण करणार नाही असा आईला शब्द देऊन मी विमानात बसलो आणि अकरा दिवस भात, केळी आणि दुधावर काढले. बाराव्या दिवशी मशीनपुढेच कोसळलो. ते लोक मला परत पाठवायला निघाले होते. तेव्हा तू कँटीनच्या मोरीबाईंशी अर्धा तास हातवारे करून खात्री करून घेतलीस, की ते कटलेट तिकडच्या सुरणाचं असतं. काय सुरण होता तो. आत पांढरट, उभे धागे, घशाला जराही खाजरा नाही, आणि कडेला लोण्यासारखी एक मऊ पट्टी. सगळ्यात चवदार तीच. शेजारी केसासारखा बारीक चिरलेला कोबी आणि वर तो काळपट गोडसर रस. तू नसतास तर मी तिसऱ्या आठवड्यात घरी आलो असतो आणि लाइन-इनचार्ज दुसराच कोणी झाला असता.

हेमा दरवर्षी माझ्या वाढदिवसाला सुरणाचं ते कटलेट करून बघायची. मी दरवर्षी म्हणायचो, "जवळजवळ जमलंय." आता करणारंच कोणी नाही.

हल्ली जपानी खाण्याची फॅशन आहे म्हणतात. ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात, कुठे चांगलं मिळतं ते शोधून कळव. खाण्याच्या बाबतीत तुझ्याइतका चौकस माणूस मला दुसरा माहीत नाही.

तुझा,
सुधीर

*

ठाकुर्ली
१० डिसेंबर २०२४

आठल्येसाहेबांना गुणाजीचा रामराम.

पत्र पोचायला पाच दिवस लागले. तुम्ही चालत आला असतात तर लवकर आला असतात, आणि आमच्या हिने, कमळने, तुम्हाला उपाशी परत पाठवलं नसतं.

तुमच्या कामासाठी बरंच हिंडलो. डोंबिवलीत फडके रोडपासून सुरुवात केली ती मानपाड्यापर्यंत गेलो. चायनीजच्या गाड्या मोजून संपत नाहीत, पण जपानी म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात. कल्याणात खडकपाड्याला बाहेर जपानी कंदील टांगलेलं एक हॉटेल दिसलं म्हणून आशेने आत गेलो, तर तिथे मोमो आणि पावभाजी. मालकाला विचारलं, कंदील का? तो म्हणाला, आधीच्या भाडेकरूचा आहे, चांगला दिसतो म्हणून ठेवला.

तेव्हा साहेब, तो नाद सोडा. तिकडचा सुरण तिकडच्या मातीत, तो इथे कुठून येणार? वहिनी करायच्या तेच बरं होतं. त्यापेक्षा घरचा मऊ भात, मेतकूट, असं काहीतरी थोडं थोडं खात जा. अकरा किलो हा आकडा वाचून मला झोप लागली नाही.

तुमचा,
गुणाजी

*

नौपाडा, ठाणे
२१ डिसेंबर २०२४

प्रिय गुणाजी,

तुझा शोध कच्चा निघाला. समीक्षाने पाच मिनिटांत मोबाइलवर चार जागा काढल्या. तीन घोडबंदर रोडच्या बाजूला, सगळ्या मॉलमध्ये, जिथे गाण्यांचा आवाज इतका की माझं यंत्र काढून खिशात ठेवावं लागलं. चौथी आपल्या पाचपाखाडीत, एका जिमच्या खाली. सहा टेबलं, स्वच्छ, आणि भिंतीवर काळा फळा. कटलेटला तिकडे 'कात्सु' म्हणतात, एवढं मला नव्याने कळलं.

आता ऐक. चारही ठिकाणी यादीत काय? चिकन कात्सु, पोर्क कात्सु, आणि आमच्यासारख्यांसाठी पनीर. सुरणाचं नावही नाही. पाचपाखाडीला मी ती जागा चालवणाऱ्या मुलीला बाहेर बोलावलं. प्राची तिचं नाव, तीसेक वर्षांची असेल, स्वतःच रांधते. मी तिला म्हटलं, "बाई, तुम्ही मूळ पदार्थ बिघडवला आहे. अस्सल कात्सु सुरणाचं असतं. मी नागोयात तीन महिने रोज खाल्लंय."

ती म्हणाली, "आजोबा, नागोयाला पोर्कच फेमस आहे. मिसो घालून."

मी म्हटलं, "तुम्ही जपानला गेला होतात?" ती म्हणाली, नाही, हॉटेलात शिकले. मी म्हटलं, मग ज्याने खाल्लंय त्याचं ऐका. माझा आवाज जरा चढला असावा. यंत्रामुळे कळत नाही. शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले, आणि समीक्षा माझी बाही ओढून म्हणाली, "आजोबा, चला ना प्लीज." मुलीने मात्र हात जोडले आणि घरी न्यायला ताक दिलं.

घरी आल्यावर समीक्षाने मला कुठल्या कुठल्या चित्रफिती दाखवायचा प्रयत्न केला. मी बघितल्या नाहीत. मी म्हटलं, साक्षीदार हयात आहे. मोरीबाईंशी जो प्रत्यक्ष बोलला तो ठाकुर्लीला राहतो. त्यालाच तुमच्यासमोर उभा करतो.

तेव्हा गुणाजी, पुढच्या गुरुवारी साडेबाराला ये. त्या मुलीसमोर आणि माझ्या नातीसमोर एवढंच सांगायचं, की ते सुरणाचं होतं. घरातले लोक मला आता थोडा वेडा समजायला लागले आहेत. ते मला चालणार नाही.

तुझा,
सुधीर

*

ठाकुर्ली
२४ डिसेंबर २०२४

आठल्येसाहेब,

गुरुवारी मी येत नाही. का येत नाही ते सांगतो. तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून हे पत्र कमळच्या भाच्याच्या हाती तुमच्याकडे पाठवतोय.

ती मुलगी खरं बोलत होती. ते सुरण नव्हतं. ते डुकराचं मांस होतं.

मोरीबाईंना मी विचारलेलं, हे काय आहे. तिने नाकाला दोन बोटं लावून आवाज काढून दाखवला. मला लगेच कळलं. मग मी खोलीवर आलो. तुम्ही पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेले. हाताच्या नसा मोजता येतील इतके बारीक झालेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तुमचा परतीचा कागद भरणार होता. मी तुमच्या डोक्याशी बसलो आणि म्हणालो, साहेब, विचारून आलोय, सुरण आहे. सुरणच का सुचला ते मलाही ठाऊक नाही.

तुम्ही पहिला घास घेतलात तेव्हा मला वाटलं आता ओळखणार. तुम्ही म्हणालात, खाजरा नाही. मग रोज मागून खायला लागलात. तिसऱ्या दिवशी तुम्ही मशीनवर उभे राहिलात आणि माझ्याने सांगवेना. मग मुंबईला उतरलो तर विमानतळावर तुमच्या आई. त्यांनी माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, माझ्या मुलाचं सत्त्व तू राखलंस. त्यानंतर कसं सांगणार?

आणखी एक सांगायचंय, ते याहून जड आहे. वहिनींना ठाऊक होतं. तुमच्या पन्नाशीला मी आलेलो तेव्हा त्या स्वयंपाकघरात सुरण तळत होत्या. म्हणाल्या, भावजी, सतरा वर्षं करतेय, काय कमी पडतं ते एकदा सांगा. मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. त्यांनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "ह्यांना कळलं तर हे जेवणच सोडतील. तुम्ही बोलू नका. मी सुरणाचंच करत राहते. एक दिवस ह्यांना हेच खरं वाटायला लागेल."

माझ्या आयुष्यात मी एकच मोठं खोटं बोललो. तुम्ही जगावं म्हणून बोललो, पण ते तुमच्या आईच्या शब्दावर पाय देऊन बोललो, हेही मला कळतं. काय शिक्षा द्याल ती द्या. फक्त जेवण सोडू नका.

गुणाजी

*

नौपाडा, ठाणे
६ जानेवारी २०२५

श्री. गुणाजी घाडीगावकर यांस,

आपलं पत्र मिळालं.

छत्तीस वर्षं मी ती हकीकत लग्नांत, मुंजीत, कंपनीच्या निरोपसमारंभात सांगत आलो. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर मी 'जपानी सुरण' या विषयावर वीस मिनिटं बोललो आहे. आपण तेव्हा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या.

आईला मी दिलेला शब्द माझा होता. तो मोडायचा की उपाशी मरायचं, हे ठरवण्याचा हक्कही माझा होता. तो आपण माझ्याकडून काढून घेतलात, आणि मला विचारलंदेखील नाही.

हेमाला जाब विचारावा तर ती नाही. तिने वीस वर्षं माझ्या पानात वाढताना मनात काय धरलं होतं, हे मला आता कधीच कळणार नाही. याचं दुःख मला त्या मांसापेक्षा जास्त आहे.

समीक्षाची आणि त्या मुलीची मी क्षमा मागायला हवी, ती सवडीने मागेन. यापुढे आपण पत्र पाठवू नये.

सु. वा. आठल्ये

*

ठाकुर्ली
२ फेब्रुवारी २०२५

आठल्येसाहेब,

पाठवू नये म्हणालात, तरी पाठवतोय. वाचायचं नसेल तर समीक्षाकडे द्या.

तुम्ही मला 'आपण' म्हटलंत, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्यात तर बरं वाटलं असतं. कमळला वाचून दाखवलं, तर तिने मला चार दिवस चहाला हाक मारली नाही. म्हणाली, साहेबांचं बरोबर आहे.

मी पाचपाखाडीला जाऊन आलो. चार वेळा. प्राचीला पहिल्या दिवशीच सांगितलं, तुझ्याशी भांडून गेले ते आजोबा वेडे नाहीत, त्यांना खोटं सांगणारा मी. ती दिवा स्टेशनजवळ राहते, पहाटे पाणी भरून मग कामाला येते, त्यामुळे बोलायला वेळ नसतो. तरी हातातलं काम थांबवून तिने सगळं ऐकलं. म्हणाली, "काका, खोटं बोललात ते बोललात, पण सुरण का? बटाटा तरी बोलायचं." मी म्हटलं, बटाट्याची चव त्यांना ठाऊक होती. ती पोट धरून हसली. मग हळूच म्हणाली, "पण आता त्यांनी खायचं काय?"

तिथून सुरू झालं. आंबिवलीच्या बाजारातून चांगला जून सुरण नेला. पहिल्या दिवशी तिने तो नुसता वाफवून घेतला, आमच्या दोघांच्या जिभेला संध्याकाळपर्यंत खाज. दुसऱ्या वेळी मी वहिनींची रीत सांगितली, आमसुलं घातलेल्या पाण्यात उकडायची. ती रीत मुळात कमळची. तुमच्या पन्नाशीनंतर वहिनींनी तिच्याकडून मुद्दाम शिकून घेतलेली. खाज गेली. पण प्राची वरून तो जपानी ब्रेडचा खरबरीत चुरा लावते, तो सुरणाला धरेना, तेलात सुटून यायचा. तिसऱ्या वेळी तिने अर्धा रवा मिसळला, आपण सुरमईला लावतो तसा, आणि चौथ्या वेळी थोडं तांदळाचं पीठ. आता कवच धरतं आणि सुरी फिरवली की आवाज येतो. वरचा रस ती मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचा, करते. त्यात मासळीचं काही नाही, मी बाटली आणि डबे सगळे वाचून घेतले.

तेरा फेब्रुवारीला गुरुवार आहे. तुमची सत्तरी. साडेबाराला मी तिथे बसलेला असेन. कढई वेगळी, तेल वेगळं, चिमटा वेगळा. पण ह्या वेळी माझ्या शब्दावर जाऊ नका. स्वतः आत जाऊन बघा आणि मगच तोंडात घाला.

गुणाजी

*

ठाकुर्ली
१४ फेब्रुवारी २०२५

आठल्येसाहेब,

काल वाट बघितली. तीन वाजले तेव्हा प्राची म्हणाली, काका, आता गार होऊन त्याचा रबर होईल. म्हणून तुमचं पान मीच संपवलं. चांगलं झालेलं.

सत्तरीच्या शुभेच्छा. जेवत असाल एवढंच धरून चालतो.

गुणाजी

*

नौपाडा, ठाणे
२२ फेब्रुवारी २०२५

प्रिय गुणाजी,

तेरा तारखेला मी आलो होतो. समोरच्या रिक्षास्टँडपाशी उभा होतो, सव्वाबारापासून. काचेतून तू दिसत होतास. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पुढ्यात दोन पानं, त्यातलं एक झाकलेलं. तुझं स्वतःचं पानही तू चिवडत नव्हतास. दोन वेळा उठून दारापर्यंत आलास आणि रस्त्याच्या चुकीच्या बाजूला बघून परत गेलास. मला रस्ता ओलांडायचा होता, पण पाय उचलेना. तीन वाजता तू ते झाकण काढून माझं पान खाल्लंस, ते मी बघितलं. घरी आलो आणि कितीतरी दिवसांनी मला स्वतःचाच राग आला.

परवा गुरुवारी समीक्षाला घेऊन गेलो. आधी प्राचीची क्षमा मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे ना आजोबा, तुमच्यामुळे मला नवीन पदार्थ मिळाला." मग मी आत गेलो. कढई पाहिली, तेल पाहिलं, चिमटा पाहिला, सुरणाची साल हातात घेऊन पाहिली. सदतीस वर्षांपूर्वी करायला हवी होती ती तपासणी केली आणि येऊन बसलो.

पहिला घास घेतला, गुणाजी. ते नागोयाचं नव्हतं. आमसुलाचा तो बारीकसा आंबटपणा, रव्याची कुरकुर, आत मऊ. ते आमच्या स्वयंपाकघरातलं होतं, तेरा फेब्रुवारीचं. मी डोळे मिटून नागोयाची चव आठवायचा प्रयत्न केला. काहीही आठवलं नाही. मोरीबाईंचा चेहरा आठवला, खोलीतला पंखा आठवला, पण चव म्हणून जी आठवत होती ती हेमाच्या हातची होती. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. म्हणजे तिने जे ठरवलं होतं ते तिने केलं, आणि मी शेवटपर्यंत तिला 'जवळजवळ' म्हणत राहिलो. तिने मनात काय धरलं होतं, असं मी तुला रागाने लिहिलं होतं. ते मला त्या टेबलावर कळलं.

प्राचीने येऊन विचारलं, "कसं झालंय?" सवयीनं तोंडून निघालं, "जवळजवळ जमलंय." आणि मला रडू आलं. चारचौघांत, सहा टेबलांच्या मधोमध. समीक्षाने ह्या वेळी बाही ओढली नाही. तिने माझ्या पानात तिचाही अर्धा तुकडा ठेवला. मी सगळं संपवलं, कोबीसकट.

आता आपल्या दोघांचं. मी दीड महिना हिशेब मांडून पाहिला. आईला दिलेला शब्द मी मोडला नाही, कारण मला ठाऊक नव्हतं. मोडलास तू, आणि तो मोडल्याचं ओझं छत्तीस वर्षं तूच उचललंस, माझ्या टाळ्यांत टाळ्या वाजवत. मी मात्र मोकळा हिंडलो. तू चुकलास, हे मी अजूनही म्हणतो. मला विचारायला हवं होतंस. पण तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, परत आलो असतो, आणि कदाचित जगलोही नसतो, हेही मला ठाऊक आहे. आई असती तर आधी तुला फैलावर घेतलं असतं आणि मग जेवायला बसवलं असतं. मी तिचा मुलगा आहे, त्यामुळे पहिलं झालं, आता दुसरं.

येत्या बुधवारी महाशिवरात्र. गुरुवारी उपास सोडायला पाचपाखाडीला ये, साडेबारा वाजता. कमळवहिनींनाही आण, आमसुलांची रीत त्यांची आहे. तू तुझं ते खरं कटलेट मागव. माझ्यासमोर नको वगैरे मनात आणू नकोस. परतल्यापासून माझ्यासोबत जेवताना तू कधी मासळीसुद्धा मागवली नाहीस, हे मी पाहत होतो आणि तुझा चांगुलपणा समजत होतो. आता पुरे. तू तुझं खा, मी माझं खातो.

काळ्या फळ्यावर प्राचीने नवीन ओळ लिहिली आहे: 'अस्सल जपानी सुरण कात्सु. नागोया, १९८८.' मी तिला पुसायला सांगणार होतो. खडू हातात घेतलाही. मग शेजारच्या टेबलावरच्या एका माणसाने तेच मागवलं आणि त्याच्या बायकोला म्हणाला, बघ, जपानातही सुरण खातात. मी खडू खाली ठेवला.

पत्र वेळेत पोचावं म्हणून समीक्षा स्पीडपोस्टने पाठवते आहे. उशीर करू नकोस. आणि एक काम आहे. मोरीबाईंना तू काय विचारलंस आणि तिने नाकाला बोटं लावून कसं दाखवलं, ते मला तिथे सगळ्यांसमोर एकदा नीट करून दाखव. मी पांघरुणात तोंड घालून पडलो होतो. माझं बघायचं राहून गेलं.

तुझा,
सुधीर